पाठीमागचं तोंड

१

ब्रह्मपुरीत कॉलेजच्या रस्त्याला एक झेरॉक्सचं दुकान आहे. त्याच्या माळ्यावरच्या खोलीत चार बाया दिवसभर एकच काम करत बसायच्या. समोरच्या पडद्यावर दोन फोटो यायचे. दोन्ही एकाच जागेचे असायचे: कुठल्या तरी गावाची जंगलाकडची वाट, तलावाची मातीची पाळ, नाहीतर मोहाच्या झाडाखालचं मोकळं रान. उजवीकडचा फोटो खरा, झाडाला बांधलेल्या कॅमेऱ्यानं काढलेला. डावीकडचा यंत्रानं आधीच तयार करून ठेवलेला. आणखी दहा मिनिटांनी या वाटेवर काय दिसेल, माणूस येईल की जनावर, याचा अंदाज बांधून यंत्र चित्र काढायचं. दहा मिनिटं उलटली की कॅमेरा खरा फोटो पाठवायचा. बायांनी दोन्हीकडे पाहून खालचं एक बटण दाबायचं. 'जुळते' किंवा 'जुळत नाही'.

ऐकायला जादूचा खेळ वाटतो, पण दुपारपर्यंत जांभया यायला लागायच्या. खालच्या झेरॉक्स मशीनची घरघर फरशीतून पायांना लागत राहायची. टेबलांच्या दोन ओळी होत्या. रुपाली पुढच्या ओळीत, आणि तिच्या बरोबर मागे पुनम. पुनमला बोलल्याशिवाय करमत नसे, त्यामुळे ती दिवसभर रुपालीच्या पाठीशी गप्पा मारायची. रुपाली न वळताच हाव-नाई करायची.

रुपाली कोसमबोडीची. गाव लहान, तलाव मोठा, आणि तलावाच्या पलीकडून जंगल सुरू. तिचा नवरा कामासाठी हैदराबादेत असायचा, म्हणून ती बापाजवळ राहायची. बाप शालिकराम त्याच तलावात मासे धरायचा. दोन उन्हाळ्यांपूर्वी तिची माय इंदिराबाई मोह वेचायला वाकली होती, तेव्हा मागून वाघानं तिला नेलं. गावातल्या लोकांनी आरडाओरडा केला, पण तो नंतर. दहा मिनिटं आधी कोणी सांगितलं असतं तर माय घरी चुलीजवळ बसली असती. रुपाली या कामाला लागली ती याच एका गोष्टीसाठी, आणि जीव ओतून काम करायची.

२

पुढची गोष्ट कळायला मुखवट्यांचं सांगायला हवं. वाघ माणसावर मागून येतो. तोंड समोर दिसलं तर बिचकतो. म्हणून त्या भागातल्या गावांमध्ये प्लास्टिकचे मुखवटे वाटले होते. मोठे डोळे, काळ्या मिशा, लाल ओठ. रानात जाताना ते डोक्याच्या मागच्या बाजूला बांधायचे. पहिले काही दिवस गावात हसून हसून पुरेवाट झाली. मग सवय पडली. आता सकाळी शेताकडे निघालेल्या बाया लांबून पाहिल्या तर त्या येताहेत की जाताहेत, हे पाय पाहून ठरवावं लागे.

यंत्राला पाय पाहून ठरवणं काही जमलं नाही. त्यानं हजारो फोटो पाहिले होते, आणि त्यांतली बरीच माणसं दोन्ही बाजूंनी तोंड असलेली होती. त्यानं आपला हिशेब लावला, की इकडच्या माणसांना मागेही तोंड असतं. मग ते पाठमोऱ्या प्रत्येक माणसाला मागे चेहरा काढायला लागलं. लहान पोरालाही, सायकलवरच्या मास्तरालाही. आधी तो मुखवट्यासारखाच असायचा, मिशांसकट. बाया हसायच्या. हळूहळू मिशा गेल्या, डोळे लहान झाले, गालांवर सुरकुत्या आल्या. ज्या माणसाचा फोटो, त्याचाच चेहरा मागे दिसायला लागला. तेव्हा हसणं जरा कमी झालं.

एक दिवस रुपालीच्या पडद्यावर तिच्याच गावची गिरजाबाई आली. पाळीवरून सरपण आणायला निघालेली, पाठमोरी. गिरजाबाईनं मुखवट्याला कधी हात लावला नव्हता. उजवीकडच्या फोटोत तिचा पांढरा अंबाडा स्पष्ट दिसत होता. डावीकडच्या चित्रात अंबाड्याच्या जागी गिरजाबाईचं तोंड होतं, मिटल्या ओठांनी कॅमेऱ्याकडे पाहणारं. बाकी सगळं तंतोतंत. हातातला विळा, पदराचा काठ, मागून येणारी बकरी, तिचा उचललेला पायसुद्धा.

रुपालीचा हात थांबला. 'जुळत नाही' म्हटलं तर इतकं सारं बरोबर आलेलं फुकट जाणार. तिनं 'जुळते' दाबलं.

३

या कामाचे साहेब म्हणजे सुरेंद्र सर. नागपूरचे, वयानं रुपालीएवढेच, आणि मनानं चांगले. इंदिराबाईचं त्यांना माहीत होतं. त्यांना एकच खोड होती, पुढं काय होणार ते सांगायची. पुढच्या वर्षी फोन कसे येतील, पाच वर्षांनी डॉक्टर काय करतील, सगळं त्यांच्या जिभेवर. त्यांनी भिंतीवर एक मोठा कागद लावला होता. त्यावर खालून वर चढणारी एक निळी रेघ, आणि सगळ्यात वर आडवी एक लाल रेघ.

"ही निळी आपल्या यंत्राची," सर सांगायचे. "आणि ही लाल म्हणजे खरं. जे प्रत्यक्ष घडतं ते. आज यंत्र दहा मिनिटं पुढचं पाहतं. होळीपर्यंत एक तास पाहील. पुढच्या वर्षी अख्खा दिवस. निळी रेघ लालला भिडली की समजा काम फत्ते."

"मंग आमी काय करू, सर?" पुनमनं विचारलं.

"मग दोन्ही फोटो एकच. तुम्ही दुसरं काम शोधा!"

सगळ्या हसल्या. पुनम मात्र कागदाकडे पाहत राहिली. "सर, निळी वर चढते. ते लाल रेघ हालत नाई काय कधी?"

"खरं कशाला हलेल?" सर म्हणाले. मग रुपालीकडे वळून आवाज खाली आणला. "मोहाच्या हंगामाआधी ही निळी रेघ पुरेशी चढली तर पहिले भोंगे तुमच्या कोसमबोडीला. मी वरती बोलून ठेवलंय. वाघ पाळीवर यायच्या आधी भोंगा वाजेल."

ते गेल्यावर रुपालीनं खुर्ची वळवली आणि तिघींना सांगितलं. मागचं तोंड सोडून बाकी जुळत असेल तर 'जुळते' दाबायचं.

"पन ते चुकून राह्यलं ना वो," पुनम म्हणाली. "ते चुकून राह्यलं, आन् आपुन त्याले बरोबर म्हनून राह्यलो. त्याले कसं समजन?"

"समजन मांगून. आंदी भोंगा तं लागू दे. माहा बाबा रोज पाळीवर जाते, पुनम."

पुनमनं मान डोलावली. त्या दिवसापासून चौघीही तसंच करायला लागल्या, आणि निळी रेघ भराभर चढली.

४

माघात एका दुपारी गिरजाबाई पुन्हा पडद्यावर आली. तीच पाळ, तोच विळा. डावीकडे नेहमीसारखं मागचं तोंड होतं. उजवीकडच्या खऱ्या फोटोत अंबाड्यावर काहीतरी होतं.

रुपालीनं पडद्यावर बोट घासलं. डाग पडद्याचा नव्हता. मग वाटलं, कॅमेऱ्याच्या काचेवर दव आलं असेल. पण फोटो दुपारचा होता. मग वाटलं, पळसाच्या पानाची सावली असेल. सावली म्हणावी तर दोन खाचा बरोबर डोळ्यांच्या जागी होत्या. म्हातारीनं शेवटी मुखवटा घेतला असेल, असं तिनं ठरवलं, आणि तिला बरंही वाटलं. 'जुळते' दाबून ती पुढच्या फोटोकडे गेली.

संध्याकाळी जीपमधून उतरल्यावर बोअरिंगवर गिरजाबाई भेटली. डोक्यावरून पदर घट्ट ओढलेला, आणि एका हातानं तो मानेजवळ धरून ठेवलेला.

"बाई, मुखवटा घेतला का तुमी?" रुपालीनं विचारलं.

"मी? त्या लेकराच्या खेळन्याले मी हात नाई लावत."

"फोटोत दिसला वाटते मले."

गिरजाबाई हांडा भरेपर्यंत पाण्याच्या धारेकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "तुह्या बापाले झोप लागते काय वो?"

"काऊन?"

"मले नाई लागत. उतानी झोपली का जीव कोंडते. कोनी तोंडावर उशी दाबून धरल्यावानी होते. पालथी झोपली तरी तसंच. मंग कुशीवर पडून राह्यतो रातभर." ती हसली, पण ते हसू काही तिच्या तोंडावर राहिलं नाही. "म्हातारपन हाय, दुसरं काय."

हांडा डोक्यावर घेऊन ती निघाली. एका हातानं हांडा, दुसऱ्या हातानं पदर. वारा नव्हता, तरी तिनं पदर सोडला नाही. रुपाली तिच्याकडे पाहत उभी राहिली, आणि म्हातारी गल्लीत वळेपर्यंत आपल्याकडेच कोणी पाहतंय असं तिला वाटत राहिलं. थकलो आहोत आपण, तिनं स्वतःला समजावलं. दिवसभर तोंडं पाहायची म्हणजे काय होणार?

घरी आल्यावर तिनं बापाकडे पाहिलं. शालिकराम जेवून खाटेवर पडला होता. कुशीवर, भिंतीकडे पाठ करून, डोक्याला दुपट्टा गुंडाळून. थंडी होती, त्यामुळे दुपट्ट्याचं काही नवल नव्हतं.

५

दुसऱ्या दिवशी सकाळी रुपाली उठली तेव्हा शालिकराम जाळं घेऊन निघून गेला होता. त्याचा मुखवटा खुंटीवरच लटकत होता.

तशीच चप्पल अडकवून, मुखवटा हातात घेऊन ती धावत सुटली. तलावावर धुकं होतं, पाणी दिसत नव्हतं, नुसता टिटवीचा आवाज येत होता. कोसमाच्या झाडाजवळ, जिथं कॅमेरा बांधला होता, तिथून पाळ सुरू होत होती. पाळीवर थोडं पुढं बाप चालताना दिसला. खांद्यावर जाळं, डोक्याला दुपट्टा. ती त्याच्या मागे भरभर चालायला लागली. दम लागला होता, त्यामुळे हाक मारता येईना.

चालता चालता त्याचा दुपट्टा एका बाजूनं सुटला आणि खांद्यावर घसरला.

शालिकराम वळला नाही. त्याची पावलं जंगलाकडेच पडत होती. पण त्यानं रुपालीला पाहिलं. ती आली हे ओळखलं, आणि लेक दिसली की त्याच्या डोळ्यांत जे यायचं, तेच आलं. पापणी लवली. मग त्याचा हात वर गेला आणि त्यानं सावकाश दुपट्टा पुन्हा ओढून घेतला.

धुकं होतं. ती धावून आली होती. रात्री जेवली नव्हती. रुपालीनं एकेक कारण हाताशी धरून पाहिलं, आणि एकही टिकलं नाही.

"ये, रूपा," बाप पुढूनच म्हणाला. "मांगं काऊन थांबलीस? इथी ये, तुले दाखवतो."

ती गेली, कारण तो तिचा बाप होता. त्यानं पाळीवरच्या ओल्या मातीकडे बोट केलं. तिथं कालची त्याच्या अनवाणी पावलांची रांग होती, आणि तिच्या मागोमाग वाघाची. पंजे मोठे होते, दाबून उमटलेले. बऱ्याच अंतरापर्यंत ते पावलांच्या मागे मागे आले होते. मग अगदी जवळ, हात लांब केला तर लागेल इतक्या जवळ, ते थांबले होते, आणि बाजूला वळून गवतात शिरले होते.

"काल आलता," शालिकराम म्हणाला. "माह्या मांगं. मले दिसला."

"तुमी वळून पायलं?"

त्यानं जाळं खाली ठेवलं आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला. त्याचा हात थंड होता, मासळीचा वास येणारा, नेहमीचाच.

"घाबरू नको, माय," तो म्हणाला. "वंगाळ नाई हाय ते. झोपेचा तरास होते थोडासा. बाकी काई नाई." मग पंज्यांकडे पाहत हळू आवाजात म्हणाला, "तुह्या मायले असतं तं वाचली असती ना वो."

रुपालीला तिथंच रडू कोसळलं. भीतीचं किती आणि मायचं किती, तिला सांगता आलं नसतं. ती बापाला बिलगली. पण नेहमीसारखा त्याच्या मानेमागे हात टाकला नाही. हात त्याच्या खांद्यांवरच ठेवले.

६

त्या दिवशी ती जीपनं ब्रह्मपुरीला आली. सीटला डोकं टेकवलं तर कोंडल्यासारखं झालं, म्हणून रस्ताभर पुढं वाकून बसली. सर्दी झाली असेल, असं मनाशी म्हणाली.

खोलीत सर पेढे घेऊन उभे होते. निळी रेघ लालला भिडली होती.

"माझाच अंदाज चुकला!" सर खुशीत म्हणाले. "होळी म्हटलं होतं, माघातच झालं. इतक्या झपाट्यानं यंत्र सुधारताना मी तरी पाहिलं नाही. आता फक्त आजचे शेवटचे फोटो. तेवढे जुळले की परवा कोसमबोडीला भोंगे. रुपालीताई, हे तुमचं यश आहे."

त्यांच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. रुपालीनं कागदाकडे पाहिलं. दोन रेघा एकमेकींना भिडलेल्या होत्या. कोणती किती सरकली, हे त्यावरून कळत नव्हतं. सरांना सांगावं असं तिच्या अगदी ओठावर आलं. पण सांगायचं काय? पेढा तोंडात टाकून ती आपल्या जागी बसली.

फोटो येत राहिले. पाळ, वाट, रान. पाठमोरी माणसं. डावीकडे आणि उजवीकडे आता पाहायला काही वेगळं उरलंच नव्हतं. खरे फोटोही असे येत होते, की बाकीच्या दोघी मुकाट बटण दाबत होत्या आणि एकमेकींकडे पाहत नव्हत्या. पुनमही आज बोलत नव्हती. खालून झेरॉक्स मशीनची घरघर तेवढी येत होती.

मग कोसमाच्या झाडावरच्या कॅमेऱ्याचा फोटो आला. सकाळचाच. धुकं, पाळ, पुढं शालिकराम, खांद्यावर जाळं. आणि त्याच्या मागे, कॅमेऱ्याच्या जवळ, पाठ करून चाललेली एक बाई. निळी साडी, अर्धवट सुटलेली वेणी. तिच्या हातात मुखवटा लोंबत होता. मिशा आणि लाल ओठ अगदी स्पष्ट दिसत होते.

रुपालीनं आधी डावीकडचं चित्र पाहिलं. मग उजवीकडचा फोटो पाहायला लागली. मुखवट्यापासून सुरुवात केली, मग साडी, मग वेणीचं टोक. वेणीवरून नजर वर सरकत गेली आणि खांद्यांपाशी थांबली. त्यांच्या वर तिनं पाहिलं नाही.

'जुळत नाही' दाबायचं मनात आलं. एवढ्यानं हे थांबेल कदाचित. मागची तोंडं पुसूनही जातील. मग बाप उद्या सकाळी पाळीवर जाईल, डोक्याला दुपट्टा, आणि दुपट्ट्याखाली नुसते केस. मुखवटा खुंटीवर विसरलेला. भोंगाही नाही. मागून ओल्या मातीवर आवाज न करता पंजे पडत येतील, आणि या खेपेला वळून जायचं त्यांना काही कारण उरणार नाही.

तिला माय आठवली, मोहाच्या फुलांवर वाकलेली.

तिनं 'जुळते' दाबलं.

फोटो गेला. पडद्यावर क्षणभर काही नव्हतं. रुपाली त्या कोऱ्या पडद्याकडे पाहत बसून राहिली. हात मानेकडे नेला, पण अर्ध्यातूनच परत टेबलावर ठेवला. ती रडतही नव्हती, हसतही नव्हती. ओठ घट्ट मिटलेले होते. मागून पुनमची खुर्ची सरकल्याचा आवाज आला, मागे, भिंतीकडे.

"रुपाली," पुनम म्हणाली, "तू अशी हासून काऊन राह्यलीस माह्याकडे पाहून?"